सासऱ्यांच्या ट्रकचा वेग

क्रासेनने जेवता जेवता सासऱ्यांना नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायची गोष्ट काढली, तेव्हा तिहोमीरने हातातला काटा ताटलीत ठेवला आणि तो हसला. त्याचं हे हसणं घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. बल्गेरियातल्या सेव्हलिएव्हो गावच्या नळांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. एखादा नळ गळका निघाला की करणाऱ्याकडे बघून तो असाच हसायचा आणि काही न बोलता नळ बाजूला ठेवायचा. घरी मात्र तो बोलायचा.

"आहे त्याला काय झालंय?" तो म्हणाला.

"जुना झालाय," क्रासेन म्हणाला. "गावात शिरलं की अडकतो, बाबाच म्हणाले. आमच्या दुकानाशेजारी एकजण तयार मशीन विकतो, चांगली आहेत."

"लाल-निळे दिवे लावलेली?"

"दिवे असले तर काय बिघडलं?"

"काही नाही. सोफ्याचं कापड विटलं की नवा सोफा आणायचा, तसंच ना? तुमच्या धंद्यात बरोबरच आहे ते."

क्रासेन फर्निचरच्या दुकानात विक्रीला होता. पांढरे बूट, अंगाला अत्तर, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना दोन्ही हात पोटावर. तिहोमीरची बायको रालित्सा आणि क्रासेनची बायको नेवेना या सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे साडू. एरवी असल्या माणसाशी तिहोमीर रस्त्यात थांबून दोन शब्दसुद्धा बोलला नसता. लग्नाने गळ्यात पडलेला माणूस, त्याला इलाज नव्हता.

टेबलाच्या टोकाला सासरे, पेंचो, गुपचूप सूप पीत होते. सबंध आळी त्यांना मानाने बाय पेंचो, म्हणजे पेंचोदादा, म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी मोठा ट्रक चालवला होता, एदिर्नेवरून तेहरान, बगदाद, परत येताना कधी रॉटरडॅमपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं, उजवा हात मात्र थोडा मागे राहिला आणि लायसन्स गेलं. मग क्रासेनने त्यांना कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग आणि पायाने दाबायची पेडल आणून दिली, आणि तिहोमीरने आपलं जुनं मशीन दिलं. त्यावर ट्रक चालवायचा गेम होता. बाय पेंचो तो खेळत नसत, कामाला जात. सकाळी दाढी करायची, शर्टाची बटणं लावायची, चहाचा थर्मास शेजारी ठेवायचा आणि निघायचं. साडेचार तास झाले की नियमाप्रमाणे गाडी बाजूला घेऊन पाऊण तास खुर्चीतच पाय लांब करायचे. गिना, त्यांची बायको, त्या वेळात खोलीत झाडू मारून घ्यायची.

मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक चालायचं. गाव आलं, चौक आला, गोल चक्कर आलं, की चित्र अडकायचं. स्टिअरिंग वळवलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम ट्रक कठड्यावर. बाय पेंचोंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. ते गाव आलं की बाहेरचा लांबचा रस्ता धरायचे. त्यांना वाटत होतं, हात आणखी मागे पडतोय.

हे ओळखलं तिहोमीरने. नाताळात तो त्यांच्या मागे उभा राहून बघत होता आणि म्हणाला, "बाबा, हात तुमचा ठीक आहे. मशीन मागे पडतंय."

बाय पेंचोंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की. प्रोसेसर दमतो. तुम्ही वळवता ते त्याला वेळेवर पोचत नाही."

म्हातारा बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला होता. त्यानंतर त्याने मशीनची तक्रार उघडपणे करायला सुरुवात केली, आणि म्हणून आज ती क्रासेनच्या तोंडी आली होती.

"नवं घ्यायचं नाही," तिहोमीर म्हणाला. "ह्याच मशीनकडून मी काम करून घेतो. प्रोसेसर कुलूपबंद आहे, एवढंच."

"म्हणजे?" नेवेनाने विचारलं.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा याचीच तिहोमीर वाट बघत होता. त्याने हातातला पाव बाजूला ठेवला. प्रोसेसरचा वेग म्हणजे एका ठेक्याचा आणि एका आकड्याचा गुणाकार. ठेका सगळ्यांचा सारखा, आकडा कंपनी ठरवते. महागड्या प्रोसेसरात तो आकडा वाढवता येतो, स्वस्तातल्यात कंपनी त्याला कुलूप घालते. वस्तू आतून तीच. "तुम्ही घर विकत घेता आणि माळ्याची किल्ली बांधणारा स्वतःच्या खिशात ठेवतो," तो म्हणाला. "आणि लोक म्हणतात, बरं, नको आम्हाला माळा." पण आकडा हलत नसला तरी ठेका हलवता येतो. त्यासाठी मशीनच्या मुळातला प्रोग्रॅम, बायोस, बदलावा लागतो. या जातीच्या बोर्डाला बदललेला बायोस इंटरनेटवर मिळतो. तो कसा घालायचा हे कळणारी माणसं बल्गेरियात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक बोट आपण, हे तो बोलला नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

"आणि बिघडलं तर?" क्रासेनने विचारलं.

"तुझ्या हातून बिघडलं असतं."

रालित्साने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने पाय काढून घेतला.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तिहोमीर पिशवी घेऊन सासऱ्यांकडे गेला. पिशवीत प्रोसेसर गार ठेवायचा एक जुना, मोठा, तांब्याच्या नळ्यांचा पंखा होता. तो त्याने कुण्या मूर्खाने भंगारात काढलेल्या मशीनमधून सोडवला होता. मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेवलं. गिनाने खाली वर्तमानपत्र घातलं. क्रासेन बानित्साचा, चीज घातलेल्या खुसखुशीत पापुद्र्यांचा, डबा घेऊन आला आणि खिडकीशी उभा राहिला.

"तू बघायला आलायस की शिकायला?" तिहोमीरने विचारलं.

"बानित्सा द्यायला आलोय."

"ठेव मग. तुकडे मशीनवर पडू देऊ नकोस."

बायोस बदलताना वीज गेली तर बोर्ड मरतो, म्हणून त्याने गिनाला इस्त्री लावू दिली नाही, फ्रिजसुद्धा बंद करायला लावला. पडद्यावर पट्टी सरकत गेली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा तिहोमीरने ठेका थोडा वाढवला, मग आणखी, मग प्रोसेसरचा व्होल्टेज जरा वर नेला, पुन्हा ठेका. मूळच्या वेगाच्या दीडपटीच्या वर गेल्यावर मशीन एकदा निळ्या पडद्यावर कोसळलं. त्याने एक पायरी खाली आणलं.

"इथे तापमान शून्य का दाखवतंय?" क्रासेनने पडद्याकडे बोट दाखवलं.

"ठेका असा वाढवला की मोजणारा प्रोग्रॅम आंधळा होतो. सगळ्यांचंच होतं."

"म्हणजे किती तापलंय ते कळणारच नाही?"

"मला कळतं. हात लावून बघ, तुला चटका बसला की तुलाही कळेल."

एवढा वेग वाढवला की रात्रभर चाचणी चालवावी लागते. मशीन पूर्ण ताणावर ठेवायचं आणि सकाळी ते जिवंत आहे का बघायचं. इंटरनेटवरच्या ज्या फोरमवर तिहोमीर लिहायचा तिथे तो नवख्यांना हे दटावून सांगे. चाचणी न करता बढाई मारणाऱ्यांना त्याने तिथे ठेवणीतली नावं ठेवली होती. इथे मात्र त्याने ती चाचणी कॉफी होऊन पिऊन संपेपर्यंत चालवली. क्रासेन बघत होता, आणि क्रासेनसमोर "आता उद्या सकाळी बघू" म्हणणं त्याच्याच्याने झालं नाही.

"झालं," तो म्हणाला. "बाबा, चला."

बाय पेंचोंनी शर्टाची बटणं लावली. ट्रक एका मोठ्या शहरात नेला. गोल चक्कर आलं. ते जरा थबकले, मग उजवीकडे वळवलं, आणि ट्रक वळला, जिथे वळवला तिथेच, जेव्हा वळवला तेव्हाच. मागचा लांब डबा आरशात सरळ सरकत आला. ते चक्कर त्यांनी पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"वा," ते म्हणाले. गिनाने पदराचं टोक शोधावं तसा एप्रन शोधला आणि डोळे पुसले. नेवेनाला फोन करून सांगायला क्रासेन बाहेर गेला. तिहोमीर उघड्या मशीनशेजारी बसून बानित्साचा मोठा तुकडा खात राहिला, आणि त्याला वाटलं की या घरात अक्कल असलेला एकच माणूस आहे आणि तो आता जेवतोय.

त्या आठवड्यात त्याने फोरमवर सगळं लिहून काढलं. कोणता बोर्ड, कोणता बायोस, कोणती पायरी कशी, अडलं तर बोर्डावरची गोल बॅटरी काढून सगळं मूळपदावर कसं आणायचं. लेख चांगला होता. पण तिहोमीरला नुसतं चांगलं लिहून समाधान होत नसे. त्याने त्यात आपल्या साडूलाही बसवलं. 'घरचा दिवेवाला' असं त्याचं नाव ठेवलं. हा दिवेवाला तापमानाचा आकडा नाही म्हणून कसा पांढरा पडला, याला रंगीत दिवे लावलेला रिकामा डबा दिला तरी हा घेऊन घरी जाईल, असल्या माणसाला वरच्या जातीचा प्रोसेसर विकता येतो म्हणूनच आपल्याला कुलूपबंद मिळतो, वगैरे. लोकांनी मनापासून दाद दिली. कुणी विचारलं, दिवेवाला पुढे काय म्हणाला? तिहोमीरने आणखी दोन परिच्छेद लिहिले. ते घडलेले नव्हते.

मे महिन्यात गेर्ग्योव्देनच्या सणाला सगळे पुन्हा सासऱ्यांकडे जमले. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल लावलं होतं. भाजलेलं कोकरू कापून वाढायचं काम तिहोमीरने स्वतःहून घेतलं आणि सुरी चालवता चालवता तो ठेका आणि आकड्याबद्दल बोलत राहिला. "बाबा, कसा चाललाय?" त्याने विचारलं.

"छान चाललाय," बाय पेंचो म्हणाले.

"अडकतो?"

"अजिबात नाही."

"कुठल्या गावात?"

"कुठल्याच नाही."

तिहोमीरने सुरी उचलून क्रासेनकडे रोखली. "ऐकलंस, साडूबुवा? दुकानात गेला असतास तर?"

"गेलो असतो तर गेलो असतो," क्रासेन म्हणाला आणि त्याने रकियाचा, घरच्या दारूचा, पेला उचलला. "तुझ्या नावाने." नेवेना खाली बघून मीठ शोधत होती. गिना कोशिंबीर आणायला आत गेली ती बराच वेळ आली नाही. तिहोमीरला वाटलं, साडू हरला. हरलेली माणसं गप्प बसतात, हे त्याने कारखान्यात पाहिलं होतं. जूनमध्ये रालित्साच्या वाढदिवसाला त्याने तो विषय पुन्हा काढला आणि साडू पुन्हा गप्प बसला. आत जाऊन ट्रक बघावा, असं त्याला एकदाही वाटलं नाही. स्वतःच्या हाताने केलेलं काम तपासायचं कशाला?

सप्टेंबरात मिरच्यांचं काम निघालं. दरवर्षी गिना सबंध हिवाळ्याची ल्युतेनित्सा, भाजलेल्या मिरच्यांची चटणी, एका शनिवारी घालायची आणि दोन्ही मुली, दोन्ही जावई सकाळपासून राबायचे. लाल मिरच्यांच्या गोणी अंगणात पडल्या होत्या. विजेच्या दोन भट्ट्या लावलेल्या. नेवेना भाजत होती, रालित्सा सालं काढत होती, क्रासेन पांढरे बूट काढून, सासऱ्यांच्या जुन्या चपला घालून मोठ्या पातेल्यात लाकडी फावडं फिरवत होता. आतल्या खोलीत बाय पेंचो कामावर होते.

शेजारणीने आपली तिसरी भट्टी आणून लावली आणि घराची वीज गेली.

"फ्यूज उडाला," तिहोमीर म्हणाला. त्याने भट्टीची वायर काढली, आत जाऊन फ्यूज वर केला आणि तसाच सासऱ्यांच्या खोलीत शिरला. "बाबा, थांबा. मी सुरू करून देतो. वाढवलेल्या वेगाचं मशीन असं अचानक बंद पडलं की एकदा बघून घ्यावं लागतं."

"अरे, होईल ते आपोआप," बाय पेंचो घाईने म्हणाले. "तू मिरच्या बघ जा."

तिहोमीरने तोवर मशीन सुरू करून बायोस उघडला होता.

वेगाच्या जागी मूळचा आकडा होता. कंपनीने कुलूप घालून दिलेला, तोच. ठेका मूळचा. व्होल्टेज मूळचा. आणि कोपऱ्यात, इतके महिने जिथे शून्य असायला हवं होतं, तिथे प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. गार होता प्रोसेसर.

आधी त्याला वाटलं, बॅटरी संपली असेल, वीज गेल्यावर सगळं पुसलं गेलं असेल. पण मग तारीख आणि वेळही पुसली गेली असती. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. पडद्यावरची वेळ बरोबर होती.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

बाय पेंचोंनी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. दारात गिना उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"मी सांगते," ती म्हणाली. "त्यांना सांगायला लावू नकोस."

ईस्टरच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. आतून एकच आवाज यायला लागला, गुर्र असा, थांबेचना. तिला वाटलं हॉर्न अडकला. ती आत आली तर चित्र थिजलेलं, रस्ता तसाच, समोरची गाडी तशीच, आणि बाय पेंचो स्टिअरिंग घट्ट धरून ताठ बसलेले. तिने हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, गिना, मी बोलतोय ते तुला ऐकू येतंय का?

"त्यांना वाटलं, पुन्हा झटका आला," गिना म्हणाली. "पहिल्या वेळी असंच झालं होतं. कापितान आंद्रेएव्होच्या सरहद्दीवरच्या नाक्याजवळ रांगेत उभे होते आणि समोरचं सगळं थांबल्यासारखं झालं होतं. ह्या वेळी मशीन थांबलं, तर ह्यांना वाटलं आपलं डोकं थांबलं. हात उचलून बघायची भीती वाटत होती ह्यांना. उचलला गेला नाही तर?"

तिहोमीर मशीनकडे बघत होता. "मला फोन का नाही केला?"

"तुला केला असता तर तू मशीन बघायला आला असतास."

हे ती रागाने म्हणाली नाही. मीठ कमी पडलंय, असं म्हणावं तशी म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तो मांडवाखाली आला तेव्हा क्रासेन तसाच पातेल्याशी होता. कपाळावर घाम, अत्तराचा वास मिरच्यांच्या वासात बुडून गेलेला. तिहोमीरकडे बघून त्याला कळलं. त्याने फावडं फिरवणं थांबवलं नाही.

"तू काढलंस ते?"

"हो. आधी त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब, डोकं, सगळं बघितलं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीन सरळ केलं."

"तुला येतं कुठून?"

"तूच लिहिलंयस ना. बॅटरी काढा, थांबा, परत लावा. चांगलं लिहिलंयस, मला एका वाचनात जमलं." क्रासेनने कडेची ल्युतेनित्सा आत ओढली. "शोधताना सगळंच वाचावं लागलं मग. पहिल्या पानापासून."

तिहोमीरने गोणीतली एक मिरची उचलली.

"दिवेवाला," क्रासेन म्हणाला. "मला आधी कळेना, हा दिवेवाला कोण. तिसऱ्या परिच्छेदात बानित्साचा डबा आला तेव्हा कळलं."

"ते असं गमतीने लिहितात तिथे."

"हसलेत पण लोक. नेवेनालाही वाचून दाखवलं. ती नाही हसली." तो थांबला. फावडं पातेल्याच्या कडेला टेकवलं. "बाबांनी बजावलं होतं, तुला सांगायचं नाही. नाहीतर मी सांगणारच होतो. मग गेर्ग्योव्देनला तू कोकरावर सुरी फिरवत ते ठेक्याचं भाषण दिलंस, मशीन गार पडलेलं आत आणि तू बाहेर माझ्यावर सुरी रोखतोयस. खोटं कशाला बोलू, माझी करमणूक झाली. जूनमध्ये पुन्हा दिलंस तेव्हा कीव आली."

कीव. सोफे विकणाऱ्याची कीव. तिहोमीरने काहीतरी टोचणारं शोधलं. एरवी अशा शब्दांचा त्याच्याकडे तुटवडा नसे. पांढरे बूट होते, हात पोटावर ठेवायची सवय होती, दिवे होते. सगळं वापरून झालेलं होतं आणि समोरच्याने ते वाचलेलं होतं.

"मग अडकत कसा नाही आता?" शेवटी त्याने विचारलं. "मूळच्या वेगावर अडकायलाच हवा."

"ते बाबांना विचार. त्यात माझा हात नाही." क्रासेनने पुन्हा फावडं उचललं. "आणि सालं काढायला बस, रालित्सा एकटी पडलीय."

तो सालं काढायला बसला नाही. तो आत गेला. बाय पेंचोंनी ट्रक सुरू केला होता. ते कुठल्याशा गावात शिरत होते.

"बाबा, मला..."

"बस," ते म्हणाले. "पट्टा लाव."

शेजारी स्टूल होतं. तो बसला. पडद्यावरचं चित्र बघून त्याच्या तोंडाची चव गेली. झाडांना सावल्या नव्हत्या. घरं पुठ्ठ्याची वाटत होती. रस्त्यावर वाहनं विरळ, पाणी नुसतं निळं रंगवलेलं, डावीकडचा लहान आरसा बंद. एखाद्या नवख्याने असं चित्र फोरमवर टाकलं असतं तर तिहोमीरने त्याला दिवसभर पुरेल इतकं सुनावलं असतं.

"सावल्या कुणी काढल्या?"

"मी. एकेक बंद करून बघितलं, कशाने हलकं होतं ते. सावल्या काढल्यावर पुष्कळ हलकं झालं." गोल चक्कर आलं. बाय पेंचोंनी वाट दिली, वळवलं, ट्रक वळला. "ऊन कुठून येतंय ते मला काय करायचंय? रस्ता दिसला की झालं."

"हे मला सांगितलं असतं तर..."

"काय केलं असतंस?"

तिहोमीरला उत्तर येत होतं. त्याने म्हटलं असतं, सावल्या काढणं हा काय उपाय आहे, हे तर हरणं आहे.

"नाताळात तू म्हणालास, हात तुमचा ठीक आहे," बाय पेंचो म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावर होती. "डॉक्टर नाही म्हणाला तसं, कुणीच नाही. सगळे म्हणायचे, हळूहळू होईल. तू म्हणालास, मशीन मागे पडतंय. त्या दिवसापासून मी परत गावांतून जायला लागलो, अडकलो तरी. तेवढं तू माझ्यासाठी केलंस, ते मी विसरलो नाही. म्हणून सांगू दिलं नाही कुणाला."

समोर एक गाडी आडवी घुसली. त्यांनी तिला फारशीत एक शिवी दिली आणि ब्रेक दाबला.

"त्यापुढचं तू क्रासेनसाठी केलंस," ते म्हणाले.

बाहेरून रालित्साने हाक मारली, सालं कोण काढणार म्हणून. तिहोमीर उठला नाही. गावाच्या बाहेर पडेपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला, आणि बसल्या बसल्या, स्वतःला थांबवता न आल्यामुळे, चित्र किती ठिकाणी फाटतंय ते मोजत राहिला. फार नव्हतं फाटत.

घरी जाताना गाडीत रालित्सा म्हणाली, "मला एप्रिलपासून माहीत होतं."

"तूसुद्धा?"

"तुला सांगून काय झालं असतं, तिशो? तू आमच्या सगळ्यांची परीक्षा घेतली असतीस."

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने फोरम उघडला. साडूबद्दलचे परिच्छेद काढून टाकायचे, बाकी लेख ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. क्रासेनची माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं. पण जुना लेख बदलायचं बटणच तिथे नव्हतं. त्याने फोरम चालवणाऱ्याला निरोप पाठवला, की लेखातला काही भाग चुकीचा आहे, तो मला काढायचाय. उत्तर लगेच आलं. लेख टाकल्यावर ठरावीक मुदतीनंतर तो बदलता येत नाही, हे नियमांत पहिल्याच पानावर आहे. नियम वाचायची तसदी न घेणाऱ्यांसाठी इथे कुणी रिकामं बसलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तिहोमीरच्याच वळणाचं होतं. अशाच शब्दांत त्याने कित्येकांना परत पाठवलं होतं.

मग लेखाखाली खरं काय झालं ते लिहावं, असं त्याच्या मनात आलं. चाचणी पुरती केली नव्हती, मशीन भर रस्त्यात थिजलं, म्हातारा माणूस घाबरला, दिवेवाल्याने सगळं पूर्ववत केलं. त्याने पहिलं वाक्य लिहिलं. खाली लोक काय म्हणतील ते त्याला शब्दन् शब्द माहीत होतं, कारण आजवर ते तोच म्हणत आला होता. त्याने वाक्य पुसलं, डब्यातला पाव काढला आणि तो खात खिडकीतून कारखान्याच्या आवाराकडे बघत राहिला.

नाताळाला क्रासेनने सासऱ्यांसाठी नवी खुर्ची आणली, ट्रकमध्ये असते तशी, हात टेकायला दोन्हीकडे सोय असलेली. तिहोमीर ती जोडायला बसला. एक बोल्ट आडवा बसत होता. त्याने तो काढला, क्रासेनने खुर्ची सरळ धरली आणि त्याने तो पुन्हा लावला. बाय पेंचो खुर्चीत बसले, मागे रेलले आणि म्हणाले, ठीक आहे, पण उंच जास्त आहे. दोघांनी मिळून ती खाली घेतली.

लेख अजून तिथेच आहे. अधूनमधून कुणीतरी येतं, जुन्या कुलूपबंद प्रोसेसरचा वेग वाढवतं, खाली आभार मानतं आणि दिवेवाल्याला हसून जातं.